पगार मालकाचा, भर गावाची

दुकानात दिवसभर उभा राहणारा माणूस महिन्याचं वाणसामान सरकारी मदतीवर भरतो. मग त्याच्या कामाचा मोबदला नक्की कोण देतंय? मालक, की करदाते? अमेरिकेत वॉलमार्टवरून हा वाद गेली वीस वर्षं चालू आहे. पण गोष्ट त्याहून खूप जुनी आहे.

६ मे १७९५. इंग्लंडमधल्या बर्कशायरमध्ये, स्पीनहॅमलंड गावातल्या 'पेलिकन' नावाच्या सराईत मॅजिस्ट्रेट मंडळी जमली. फ्रान्सशी युद्ध सुरू, पीक बुडालेलं, पाव महागलेला. शेतमजुराच्या रोजात घर चालेना. बैठक बोलावली होती ती मजुरीचा दर ठरवायला. जुन्या कायद्याने तो अधिकार त्यांना होता. पण ही मंडळी जमीनदार वर्गातली. त्यांनी दर ठरवायचं टाळलं, शेतकऱ्यांना 'जरा वाढवून द्या' अशी विनंती केली आणि एक तक्ता बनवला. सुमारे चार किलोचा पाव एक शिलिंगला असेल, तर मजुराला आठवड्याला तीन शिलिंग मिळायला हवेत. बायको आणि घरातल्या प्रत्येक माणसामागे आणखी दीड. मजुरी कमी पडली तर उरलेली भर गावच्या गरीबपट्टीतून.

हेतू चांगला होता. उपाशी घराला आधारही मिळाला. पण गोम बघा. मालकाने मजुरी वाढवली काय नि न वाढवली काय, मजुराच्या हातात तेवढंच पडणार. मग तो कशाला वाढवेल? आणि पट्टी भरत होता कोण? एकही गडी न ठेवणारा छोटा शेतकरी, गावचा दुकानदारसुद्धा. म्हणजे बड्या शेतकऱ्याच्या मजुराचा पगार थोडा थोडा सगळं गाव देत होतं.

दुसरा रस्ता नव्हता असं नाही. त्याच वर्षाअखेरीस सॅम्युअल व्हिटब्रेड या खासदाराने शेतमजुरांना किमान मजुरी ठरवून देणारं विधेयक मांडलं. पंतप्रधान पिट यांनी विरोध केला आणि फेब्रुवारी १७९६ मध्ये ते बारगळलं.

पुढे पट्टीचा बोजा वाढला, ओरड सुरू झाली. १८३४ मध्ये नवा कायदा आला. त्यात मजुरी वाढली का? छे! मदत तोडली. धडधाकट गरिबाला मदत हवी तर वर्कहाउसमध्ये जा, म्हणजे जवळजवळ कैदखान्यात. आळशी ठरला मजूर. स्वस्तात काम करून घेणारा मालक नामानिराळा. ज्या सरकारी अहवालावर हा कायदा उभा होता, त्यातला पुरावाच लंगडा होता, हे पुढे इतिहासकारांनी दाखवलं. पण तोवर पिढ्या भरडल्या गेल्या होत्या.

आता अमेरिकेत या. तिथे किमान वेतनाचा कायदा १९३८ मध्ये आला, पण दुकानांतले बहुतेक कामगार १९६१ पर्यंत त्याबाहेरच होते. १९६२ मध्ये सॅम वॉल्टन यांनी आर्कान्सामध्ये पहिलं वॉलमार्ट उघडलं. आज वॉल्टन कुटुंब जगातल्या सर्वांत श्रीमंत घराण्यांपैकी एक आहे. तिकडे केंद्राचं किमान वेतन जुलै २००९ मध्ये तासाला ७.२५ डॉलर झालं, त्यानंतर वर्षानुवर्षं हललंच नाही. काही राज्यांनी आपापलं वाढवलं, एवढंच.

२०२० मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने देशपातळीवरची आणि काही राज्यांची आकडेवारी तपासली. फूड स्टॅम्प किंवा मेडिकेड घेणाऱ्या नोकरदार प्रौढांपैकी सुमारे ७० टक्के लोक आठवड्याला ३५ तास किंवा त्याहून जास्त काम करत होते. त्यांना कामावर ठेवणाऱ्या कंपन्यांच्या यादीत वॉलमार्ट आणि मॅकडोनाल्ड्स वरच्या क्रमांकावर. गंमत म्हणजे फूड स्टॅम्पचे बरेचसे पैसे खर्च होतात वॉलमार्टच्याच गल्ल्यावर. या मदतीत बदल झाला तर आपल्या धंद्यावर परिणाम होईल, असा इशारा कंपनीने स्वतःच्या गुंतवणूकदारांना दिलेला आहे!

काही अर्थतज्ज्ञ म्हणतात, नोकरी नसली तरी मिळणारी मदत मालकाला फायदा देत नाही. उलट पोटाला आधार असला की माणूस पडेल त्या पगाराला हो म्हणत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच मदत तोडा हे उत्तर नव्हे. ते १८३४ चं उत्तर झालं. स्पीनहॅमलंडचा धडा वेगळाच आहे. मजुरीला तळ न घालता वरून कितीही ओतलं, तरी त्यातलं बरंचसं मालकाच्या खिशात झिरपतं. मदत हवीच, पण तिच्या जोडीला किमान वेतनही हवं, आणि ते महागाईबरोबर वाढायला हवं. १७९५ मध्ये पावाच्या भावाबरोबर मदत वाढवायचं सुचलं होतं. तोच हिशेब मजुरीला लावायचं मात्र टाळलं.

तेव्हा उद्या कुणी म्हणालं की 'फुकट खाणाऱ्यांमुळे आमचा टॅक्स जातो', तर एवढंच विचारा: तो माणूस कामाला कुठे जातो, आणि त्याला तिथे किती मिळतात? फुकट कोण खातंय ते तिथेच कळेल.