वेल्डर कुठे गेले?

हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोडला उतरलं की माझगाव डॉक अगदी जवळ. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी ‘शल्की’ इथलीच. ७ फेब्रुवारी १९९२ रोजी ती नौदलात दाखल झाली.

तिच्यासाठी १९८१ साली पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी करार झाला होता. एकूण चार पाणबुड्या. दोन जर्मनीतल्या कीलमध्ये बांधायच्या, दोन माझगावात. आपली माणसं कीलला जाऊन शिकून आली.

शिकायचं काय होतं? बरंच काही, पण सगळ्यात अवघड वेल्डिंग. पाणबुडीचं कवच पोलादाच्या गोल कड्या एकमेकींना जोडून बनतं. दोनशे मीटर खोलीवर त्याच्या दर चौरस सेंटिमीटरवर साधारण वीस किलोचा भार येतो. म्हणून सांध्यांचे एक्स-रे काढतात. दोष दिसला की तेवढा भाग खरवडून पुन्हा वेल्डिंग. हे मॅन्युअल वाचून येत नाही, हात बसावा लागतो. आणि सराव सुटला की वेल्डरला पुन्हा परीक्षा द्यावी लागते.

१९८७ मध्ये या व्यवहारात दलाली दिल्याचा आरोप झाला. संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी चौकशी लावली आणि एप्रिलमध्ये राजीनामा दिला. चौकशी व्हायलाच हवी होती. पण पुढच्या पाणबुड्यांचा विषयही तिच्याबरोबर बारगळला. २८ मे १९९४ ला ‘शंकुल’ दाखल झाली आणि माझगावात पाणबुड्या बांधणं थांबलं.

१९९९ मध्ये तीस वर्षांत चोवीस पाणबुड्यांची योजना मंजूर झाली, कागदावर. फ्रेंच स्कॉर्पीनचा करार २००५ चा, पहिलं पोलाद कापलं डिसेंबर २००६ मध्ये. मधली बारा वर्षं शिकलेले हात काय करत होते? कुणी निवृत्त झाले, कुणी दुसऱ्या कामाला लागले. आमच्या ऑफिसात एक सीनियर सोडून गेला, तर सहा महिन्यांनी त्याच्या कोडला हात लावायला कुणी धजत नव्हतं. तिथे निदान कोड तरी शिल्लक होता.

२०१२ ला अपेक्षित असलेली ‘कलवरी’ १४ डिसेंबर २०१७ ला दाखल झाली. उशिराला सामान खरेदीचा घोळही कारण होता, सगळं खापर तुटलेल्या परंपरेवर फोडता येणार नाही. पण शून्यातून पुन्हा शिकायला वेळ लागतोच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन अणुशक्तीवर चालणाऱ्या हल्लेखोर पाणबुड्यांना मंजुरी मिळाली. त्या विशाखापट्टणमला बांधायच्या आहेत. चर्चा सगळी अणुभट्टीची. पण अणुभट्टी ज्या कवचात बसणार, तेही कुणाला तरी वेल्ड करावं लागणार आहे.

इकडे माझगावात जानेवारी २०२५ मध्ये सहावी स्कॉर्पीन ‘वागशीर’ नौदलात गेली. त्या दिवशी पुढच्या पाणबुडीचा एकही करार झालेला नव्हता.