लाल दाण्यांची गोष्ट

मानखुर्दच्या आमच्या वन-बीएचकेत छोटा रीफ टँक आहे. मागे शेवाळ माजलं, म्हणून मी फॉस्फेट काढणारे लालसर दाणे अख्खं पाकीट ओतले. शेवाळ गेलं, पण दोन आठवड्यांत कोरलही फिके पडले.

असं का झालं? उत्तर इतिहासात आहे. हे दाणे, म्हणजे फेरिक हायड्रॉक्साईड, टँकसाठी बनलेच नव्हते. १९९० च्या दशकात बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ते पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक पकडायला तयार केले गेले. आवर्तसारणीत आर्सेनिक फॉस्फरसच्या बरोबर खाली बसतं. पाण्यात दोघं जवळपास सारखीच वागतात, म्हणून हे दाणे फॉस्फेटही धरतात. मत्स्यालयवाल्यांनी नेमकं हेच हेरलं.

फरक एवढाच, की पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक जितकं कमी तितकं चांगलं. फॉस्फेटचं तसं नाही. ते फार झालं तर कोरलचा सांगाडा नीट वाढत नाही आणि पार संपलं तर कोरलच्या आतलं सूक्ष्म शेवाळ उपाशी राहतं.

म्हणून दाणे आधी आरओच्या पाण्यात धुवा, सांगितलेल्या प्रमाणाच्या पावपटीने सुरुवात करा आणि दर दोन दिवसांनी टेस्ट करा. मी आता तेच करतोय.