शब्दवेध : दूरमुद्रक

‘दूरमुद्रक’ म्हणजे टेलिप्रिंटरचा कोरडा तर्जुमा, अशी त्याची हेटाळणी होते. तर्जुमा आहेच, पण कचेरीतल्या कळफलक नसलेल्या, आलेले टेलेक्स नुसते छापणाऱ्या आटोपशीर यंत्राला तो चपखल बसे. मुद्रा म्हणजे ठसा, शिक्का, राजमुद्रेतली तीच. नाशिकरोडला टपाल तिकिटे छापणारे भारत प्रतिभूति मुद्रणालयही याच घराण्यातले. पाच स्पंदांच्या संकेतातून सेकंदाला सहा-सात अक्षरे कागदावर उठवायची, एवढेच या यंत्राचे काम होते. म्हणून ‘मुद्रक’ पुरेसे. छपाई तर टेबलावरच होई, मग ‘दूर’ काय, असे कुणी विचारील. दूर होती ती निरोप टंकणारी बोटे. हा शब्द कुणाच्या तोंडी बसला नाही, हा आक्षेप मात्र खरा. पण त्याचा दोष संस्कृतपणावर टाकता येत नाही. ‘मुद्रणालय’ बऱ्यापैकी रुळलेच की! अडचण ‘टेलेक्स’ने केली. टेलिप्रिंटर आणि एक्स्चेंज यांच्या तुकड्यांतून जुळलेला हा आखूड शब्द सेवेलाही चालला आणि निरोपालाही. ‘तार’ने आधीच तशी वाट पाडली होती : धातूची तार, आणि दारी आलेलीही तारच.