पित्त, गॅस आणि विंचू

आपल्याकडे हार्ट अटॅकला दोन टोपणनावं आहेत. एक पित्त आणि दुसरं गॅस. "काही नाही रे, काल रात्री जरा जड जेवण झालं", "सोडा पी, ढेकर आला की मोकळं वाटेल", "खांदा ना? बसून बसून आखडला असेल" ही वाक्यं प्रत्येक घरात आणि प्रत्येक ऑफिसच्या पँट्रीत ऐकू येतात. दहातल्या नऊ वेळा ती खरीही असतात, आणि गोची तिथेच आहे. जो अलार्म नऊ वेळा खोटा वाजतो, त्याच्याकडे दहाव्या वेळी कोणी बघत नाही. प्रॉडक्शन सर्व्हरवर काम केलेल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

या वीकेंडला एकच प्रश्न घेऊन बसलो. छातीतली कळ म्हणजे हृदयाची हाक, हे माणसाला कळलं तरी कधी? वाटलं होतं, हे ज्ञान अगदी जुनं असणार. निघालं उलटंच. आणि वाचता वाचता गोष्ट लंडन-शिकागो करत चक्क आपल्या रायगड जिल्ह्यात येऊन पोचली. तर बसा निवांत, जरा लांबचा प्रवास आहे.

हृदयात दुखतं ही गोष्ट आपल्या पूर्वजांना माहीत होतीच. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'हृच्छूल' नावाच्या विकाराचं वर्णन आहे. पण आज डॉक्टर जे ओळखतात त्याचं पहिलं नेमकं वर्णन केलं ते विल्यम हेबर्डन या लंडनच्या डॉक्टरने, १७६८ साली. चालताना, त्यातही चढ चढताना आणि जेवल्यावर लगेच, छातीत आवळल्यासारखं होतं आणि थांबलं की जातं, असे रुग्ण त्याने पाहिले. या विकाराला त्याने 'अंजायना पेक्टोरिस' असं नाव दिलं. गंमत म्हणजे हे हृदयाच्या रक्तवाहिन्यांमुळे होतं हे खुद्द हेबर्डनला माहीत नव्हतं. लक्षणं बिनचूक, कारण गायब. म्हणजे एरर मेसेज मिळाला, पण तो कुठल्या मॉड्यूलमधून येतोय त्याचा पत्ता नाही.

हेबर्डनचा लेख १७७२ मध्ये छापून आला, तो वाचून एका अनामिक वाचकाने त्याला पत्र लिहिलं. मलाही अगदी असंच होतं, मी अचानक गेलो तर माझं शरीर उघडून कारण शोधा, असा त्या पत्राचा आशय होता. काही दिवसांतच तो माणूस खरोखर गेला. शवविच्छेदन केलं त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या सर्जनने, जॉन हंटरने. विशेष काही सापडलं नाही. कारण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या उघडून पाहाव्यात हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! पुढे हंटरला स्वतःलाच अंजायना झाला. त्याचा शिष्य एडवर्ड जेन्नर (हो, देवीच्या लशीवाला) याला एव्हाना संशय आला होता की दोष या धमन्यांतच आहे. पण गुरूला आपलं भवितव्य कळेल म्हणून तो गप्प राहिला. १७९३ मध्ये हॉस्पिटलच्या एका बैठकीत वादावादी झाली आणि हंटर तिथेच कोसळला. त्याच्या धमन्या चुन्यासारख्या कडक झालेल्या आढळल्या.

यानंतर शंभर वर्षं डॉक्टरांची समजूत अशी की हृदयाची धमनी बंद झाली की माणूस त्या क्षणी खलास. त्यामुळे जो माणूस तासन् तास छाती धरून बसलाय, उलट्या करतोय, त्याला झालंय ते दुसरंच काहीतरी, बहुतेक पोटाचंच, असा हिशोब. ही समजूत मोडली १९१२ साली, शिकागोच्या जेम्स हेरिकने. त्याचा रुग्ण ५५ वर्षांचा होता. जेवणानंतर तासाभराने त्याला कळ आली, तीही पोटाच्या वरच्या भागात, सोबत मळमळ आणि उलट्या. अपचनच वाटावं असं सगळं. तो माणूस ५२ तास जगला. नंतर पाहिलं तर हृदयाच्या धमनीत गुठळी. हेरिकने मांडलं की धमनी अचानक बंद झाली तरी माणूस लगेच मरतोच असं नाही. काही जण तास काढतात, काही दिवस, काही तर बरेही होतात. हा पेपर वाचल्यावर सभागृहात फारसं कोणी दखलही घेतली नाही. पण माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा शोध हाच. हृदय बंद पडायच्या आधी मध्ये वेळ असतो. आणि वेळ असतो म्हणूनच धोक्याची खूण ओळखण्याला अर्थ आहे.

आता मराठीतला 'हृदयविकाराचा झटका' हा शब्द बघा. झटका म्हटलं की डोळ्यांसमोर येतो सिनेमातला बाप. मुलीने पळून जाऊन लग्न केल्याची बातमी, हात छातीवर, धाडकन खाली, पार्श्वसंगीत. प्रत्यक्षात बऱ्याचदा यातलं काही होत नाही. छातीवर कोणीतरी बसलंय असं ओझं, दाब, जळजळ. कधी दुखणं जबड्यात, पाठीत, डाव्या हातात किंवा दोन्ही हातांत. बायकांमध्ये, वयस्कर माणसांत आणि मधुमेह असलेल्यांत तर छातीत न दुखता नुसता दम लागणं, मळमळ, विलक्षण थकवा एवढंच असू शकतं. बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन या डॉक्टरने एक साधं निरीक्षण टिपलं होतं. कुठे दुखतंय विचारलं की असा रुग्ण बोट ठेवत नाही, छातीच्या मध्यावर मूठ आवळून दाखवतो.

फसायला गरिबी किंवा अडाणीपणा लागतो असंही नाही. २३ सप्टेंबर १९५५. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर डेन्व्हरला सुट्टीवर होते. दिवसभर गोल्फ, जेवणात कच्चा कांदा घातलेला हॅम्बर्गर, आणि मग पोटात गडबड. मध्यरात्रीनंतर छातीत दुखू लागलं. त्यांचे खासगी डॉक्टर आले, पण ईसीजी निघाला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. निदान: हार्ट अटॅक. त्याआधी जगाला पचनाची तक्रार अशीच बातमी दिली गेली होती. म्हणजे जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाचाही अटॅक आधी कांद्यावरच ढकलला गेला :) सोमवारी न्यूयॉर्कचा शेअर बाजार ६ टक्क्यांहून जास्त कोसळला. आयझेनहॉवर मात्र वाचले आणि पुढच्या वर्षी निवडणूकही जिंकले.

आता येऊ आपल्या जिल्ह्यात. मुंबई-गोवा रस्त्याने निघालं की पेण, मग वडखळ, आणि तिथून जवळच धरमतर खाडीच्या अंगाला डोलवी. डोलवी म्हणजे पोलाद कारखाना. आधी इस्पात, आणि २०१० मध्ये जेएसडब्ल्यूने इस्पात घेतल्यापासून जेएसडब्ल्यू. याच रस्त्याने तसंच पुढे गेलं, नागोठणं, कोलाड, माणगाव मागे टाकलं, की महाड. महाड म्हणजे आपल्याला चवदार तळं आणि रायगड किल्ला आठवतो. पण वैद्यकाच्या इतिहासातही महाडला जागा आहे, आणि ती विंचवामुळे.

१९७६ साली जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेला तरुण डॉक्टर, हिंमतराव बावस्कर, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं, रायगड झालं १९८१ मध्ये. कोकणातला लाल विंचू चावला की माणसं मरत होती, त्यातही लहान मुलं जास्त. गावात मंत्र, भगत, झाडपाला. दवाखान्यात तरी काय, तर वेदनेचं इंजेक्शन आणि स्टेरॉइड. मरतात ती विषाने, यापलीकडे नेमकं काय होतं याचा पत्ता खेड्यातल्या दवाखान्यांत कोणाला नव्हता.

बावस्करांनी केलं काय, तर ते रुग्णाच्या उशाशी बसले. रात्र रात्र बसले आणि तासातासाला नोंदी करत गेले. नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, हातापायांचं तापमान. आपल्या भाषेत, लॉग वाचत बसले. त्या नोंदींतून चित्र उभं राहिलं. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, त्या दाबाविरुद्ध पंप मारून मारून हृदय थकतं आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. तोंडाला गुलाबी फेस येतो तो त्याचाच. रुग्ण मरत होता तो विंचू चावून, पण मरत होता हृदय निकामी होऊन.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट पुढे आहे. ज्याला दंशाच्या जागी असह्य आग होतेय, जो घर डोक्यावर घेतोय, पण बाकी काही लक्षण नाही, तो बहुधा वाचतो. धोका असतो तो दुसऱ्याला. दरदरून घाम, उलट्या, तोंडाला सुटलेली लाळ, बर्फासारखे गार हातपाय, आणि दंशाच्या जागी वेदना कदाचित फारशी नाहीच. म्हणजे वेदना किती यावरून धोका मोजायचा नाही. १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये बावस्करांचा पेपर आला. विषय हाच, लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयाला धोका आहे हे आधीच सांगणाऱ्या खुणा. जगातल्या सर्वांत मानाच्या वैद्यकीय नियतकालिकांपैकी एकात बिरवाडीच्या नोंदी!

खुणा कळल्या, मग उपाय. दाब उतरवायचा तर आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायला हव्यात. त्यासाठी रक्तदाबावर आधीपासून मिळणारी प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी त्यांनी वापरली. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासोबतचा त्यावरचा लेख १९८६ मध्ये पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच. पूर्वी गंभीर रुग्णांत ३० ते ४० टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली. पण गोळी काम करते ती वेळेत पोचलात तरच. फेस येईपर्यंत थांबलात तर तीही हतबल.

विंचूदंश आणि हार्ट अटॅक हे दोन वेगळे आजार. एकात विषाचा पूर, दुसऱ्यात धमनीत अडकलेली गुठळी. औषधंही वेगळी, घोटाळा नको. पण संकटात सापडलेलं शरीर खुणा मात्र बऱ्याचशा सारख्याच करतं. गार घाम, मळमळ, पांढरा पडलेला चेहरा, गार हात, 'काहीतरी भयंकर होणार' अशी घालमेल. आणि दोन्हीकडे नियम तोच. किती दुखतंय यापेक्षा सोबत काय काय होतंय ते बघा.

डोलवीसारख्या ठिकाणी हे आणखी अवघड. जिथे भट्टीशेजारी शिफ्ट काढायची, तिथे घाम ही खूण राहतच नाही. घाम सगळ्यांनाच येतो, थकवा सगळ्यांनाच असतो. पण उष्णतेचा घाम सावलीत बसून पाणी प्यायलं की ओसरतो आणि अंग गरम लागतं. बसल्या जागी, पंख्याखाली, अंग गार पडून येणारा घाम वेगळा. आमच्यासारख्या एसीत बसणाऱ्यांना तर ही खूण ओळखणं सोपं जायला हवं, पण तिथे डेडलाइन आडवी येते.

वेळेचा हिशोब आकड्यांत बघू. इटलीतल्या 'जिस्सी' चाचणीत (१९८६) ११ हजारांहून जास्त रुग्ण होते. गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या तासात मिळालेल्यांत मृत्यू ४७ टक्क्यांनी कमी झाले, उशीर होत गेला तसा फायदा घटत गेला. आणि आपण? २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 'क्रिएट' या भारतीय नोंदणीत २० हजारांवर रुग्ण होते. त्रास सुरू झाल्यापासून हॉस्पिटलात पोचायला लागलेला मध्यक वेळ ३६० मिनिटं. सहा तास! आत गेल्यावर औषध सुरू व्हायला लागली ५० मिनिटं. म्हणजे बॉटलनेक मुख्यतः हॉस्पिटलच्या दाराबाहेर आहे. त्यात रस्ता आहेच (मुंबई-गोवा मार्गाच्या २०११ साली सुरू झालेल्या चौपदरीकरणाबद्दल कोकणी माणसासमोर बोलू नये), पण सोडा पिऊन वाट बघण्यात गेलेला वेळही आहे. आणि हे म्हाताऱ्यांचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका. २००७ सालच्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या अटॅकचं मध्यक वय दक्षिण आशियात ५३ निघालं, इतर देशांत जवळपास ५९. मध्यक ५३ याचा अर्थ निम्मे त्याहून तरुण.

म्हणून थोडक्यात. छातीच्या मध्यावर दाब, आवळणं किंवा जळजळ, १०-१५ मिनिटांत न जाणारी किंवा जाऊन परत येणारी. सोबत गार घाम, दम, मळमळ, जबडा-हात-पाठ यांकडे जाणारं दुखणं. यातलं काही असेल तर ढेकराची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा. महाराष्ट्रात ही ॲम्ब्युलन्स सेवा २०१४ पासून आहे. स्वतः गाडी चालवायची नाही, जिने चढायचे नाहीत. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला सांगतात. फोनवर विचारून घ्यावं. जिथे ईसीजी निघतो अशा ठिकाणी जायचं. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी त्रास चालू असेल तर घरी परतायचं नाही, कारण पहिल्या ईसीजीत अटॅक दिसतोच असं नाही.

आणि शेवटी ते पित्तच निघालं तर? तर उत्तमच की! एक ईसीजी फुकट गेला, एक संध्याकाळ गेली, चार लोक हसले. हेबर्डनपासून बिरवाडीपर्यंत दोनशे वर्षं लोकांनी उशाशी बसून या खुणा लिहून ठेवल्या आहेत. त्या वाचायला आपल्याला काही मिनिटं पुरतात. घरी आई-बाबांना, आणि शिफ्टवर शेजारी बसणाऱ्यालाही, वाचून दाखवा.