डेल्फ्टच्या म्हाताऱ्याचे किटण

१७ सप्टेंबर १६८३. नेदरलँड्समधील डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहुक लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहितो. तो रोज सकाळी मिठाने दात घासत असे. पन्नाशीतही हिरड्यांतून रक्त येत नसे. तरी दातांच्या फटींतील पांढऱ्या किटणात सूक्ष्मदर्शकाखाली जीव वळवळताना दिसले. आयुष्यात कधीच दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडात तर त्यांची जत्राच होती!

पण वय झाले की हिरड्या सुटायच्याच, ही समजूत चिवट. १९६५ मध्ये डेन्मार्कमधील हाराल्ड ल्यो व सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांचे दात घासणे थांबवले; त्यांतले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, म्हणजे तरुणच. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला. पुन्हा घासू लागताच काही दिवसांत तो ओसरला.