नावाची वाट

राधानगरी हे नाव राजर्षी शाहू छत्रपतींनी आपल्या कन्येच्या, राधाबाईंच्या, नावावरून ठेवले. राजाच्या शब्दाने गावाला नाव लाभले. माणसाला मात्र आपले नाव पालटण्यासाठी किती उंबरठे झिजवावे लागतात, याचा विचार आम्ही क्वचितच करतो.

कोल्हापूरच्या मुलखात साडी नेसून, डोक्यावर यल्लम्माचा जग घेऊन फिरणारे जोगते पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले. त्यांतील काही स्वतःस स्त्रीच मानीत. देवीच्या नावाने जोगवा मिळे. दप्तरी मात्र ते पुरुषच राहत.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. तरीही बीड जिल्ह्यात महिला पोलीस शिपाई म्हणून लागलेल्या ललित साळवे यांना २०१७ साली लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा नाकारली गेली. उच्च न्यायालयाचे दार ठोठावल्यावर, अखेर शासनाची अनुमती मिळून, मे २०१८मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांची पहिली शस्त्रक्रिया झाली. पुढे २०१९च्या कायद्याने ओळखपत्राचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविले; स्त्री वा पुरुष अशी नोंद हवी, तर शस्त्रक्रियेनंतरचा वैद्यकीय दाखला आवश्यक ठरविला.

साळवे यांच्या व्यथेची वार्ता वर्तमानपत्रांनी घरोघरी नेली. राधानगरीच्या डोंगरकपारीतील एखाद्या लेकराजवळ प्रथम आपले घरच असते. तेच दार बंद झाले, तर कायद्याने उघडलेल्या दारापर्यंत ते पोहोचणार कसे?