आमचे त्रेपन्न, तुमचे एक्याण्णव

परवा आमच्या नातीचा दहावीचा निकाल लागला. एक्याण्णव टक्के. मी चपला घालून पेढे आणायला निघालो, तर सूनबाईंनी दारातच अडवलं. "बाबा, आत्ता नको. ती आत रडतेय." मला वाटलं, एखाद्या विषयात गेली. एक्याण्णव टक्के मिळूनही एखादा विषय राहू शकतो, अशी काही नवी पद्धत निघाली असेल. आजकाल काय सांगावं! पण तसं काही नव्हतं. मैत्रिणीला शहाण्णव मिळाले होते आणि हव्या त्या कॉलेजात एक्याण्णवाला कोणी विचारणार नव्हतं.

आता सांगायला हरकत नाही, १९६९ साली मी जुन्या अकरावीची एस.एस.सी. पास झालो, तेव्हा मला त्रेपन्न टक्के होते. पेपरात नुसता नंबर छापून यायचा. तो सापडला तेव्हा आमच्या वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले होते, आणि समोरच्या काकूंनी "सेकंड क्लास हो!" असं म्हणून मला जवळ घेतलं होतं. पस्तीस टक्केवाल्यांच्या थर्ड क्लासला आम्ही 'गांधी क्लास' म्हणत असू. महात्माजी त्याच डब्यातून प्रवास करीत, म्हणून त्यालाही एक प्रतिष्ठा होती. त्या दिवशी आमच्या घरात कोणी रडलं नाही.

मी नातीची समजूत घालायला गेलो आणि जे बोलू नये तेच बोललो. "अगं, आमच्या वेळचे त्रेपन्न म्हणजे आजचे एक्याण्णवच!" हे वाक्य प्रत्येक पिढीतल्या म्हाताऱ्याच्या तोंडी असतं. माझे वडील १९३९ चे मॅट्रिक. एस.एस.सी. बोर्ड त्यानंतर दहा वर्षांनी आलं. त्यांची परीक्षा थेट मुंबई विद्यापीठाची. माझे त्रेपन्न पाहून पेढे वाटता वाटता तेही म्हणाले होते, "आमच्या मॅट्रिकची सर नाही हो याला." आणि आजोबा? ते १९०८ चे व्हर्नाक्युलर फायनल. म्हणजे मराठी सातवी. तेवढ्या भांडवलावर ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात मास्तर झाले आणि गावभरची पत्रं, खतं नि अर्ज त्यांनी आयुष्यभर वाचले. वडिलांच्या मॅट्रिकला ते म्हणत, "इंग्रजी आलं, पण औटकी कुठं येते?" औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी, अडीचकी आणि मग ही औटकी. सात औटे साडेचोवीस, हे ज्याला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं तो शिकलेला. बाकी सगळे निरक्षर.

नात डोळे पुसून म्हणाली, "असं असेल तर माझा बीजगणिताचा पेपर सोडवून दाखवा." चाळीस मार्कांचा पेपर, दोन तास. मी चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक काढलं, पाणी मागवलं, थोडक्यात म्हणजे परीक्षेची सगळी तयारी केली. दोन तासांनी तिने लाल पेनाने तपासून मला अकरा मार्क दिले. पस्तीस टक्क्यांनी चौदा लागतात. "अक्षर चांगलं आहे म्हणून तीन ग्रेस देते," म्हणाली. वयाच्या बहात्तराव्या वर्षी मी ग्रेसवर पास झालो.

मग मी आजोबांचं हत्यार काढलं. "साडेतीन रुपये शेराने पाऊण शेराचे किती? रुपये-आण्यांत सांग." तिने मोबाइलवर दोन पूर्णांक सहाशे पंचवीस काढले आणि तिथेच अडकली. दोन रुपये दहा आणे, हे तिच्या यंत्राला ठाऊक नव्हतं. १९५७ साली नवे पैसे आले आणि आजोबांची सगळी विद्या एका रात्रीत मोडीत निघाली, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही बरोबरीत सुटलो.

सांगायचा मुद्दा असा, की मार्क हे रुपयासारखे आहेत. रुपयाचं नाव तेच राहतं, किंमत बदलते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ साली मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली. शे-सव्वाशे मुलं बसली, त्यातली वीस-बावीस पास झाली. त्या वीस-बावीसांत महादेव गोविंद रानडे होते नि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते! १८६२ साली हेच दोघे विद्यापीठाच्या पहिल्या बी.ए.च्या तुकडीत पास झाले. सगळी तुकडी एका टांग्यात मावली असती. आता दुसरं टोक पाहा. २०२१ साली कोरोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. म्हणजे परीक्षा झाली तेव्हा बहुतेक नापास, आणि परीक्षा न होता जवळजवळ सगळे पास. एकशे बासष्ट वर्षांत आपण एवढा पल्ला गाठला.

पण यात मुलं बिघडली असं काही नाही. आमच्या वेळी मराठीच्या निबंधाला साठ टक्क्यांवर मार्क देणं परीक्षकांच्या जिवावर यायचं. जणू ते त्यांच्या पगारातून कापले जाणार होते. पुढे एका वाक्यात उत्तरं आली, जोड्या लावणं आलं, शाळेच्या हातातले वीस मार्क आले, खेळाचे नि चित्रकलेचे वाढीव मार्क आले, आणि २०१० पासून सहापैकी चांगल्या पाच विषयांची बेरीज आली. भाषांचे हे वीस मार्क २०१९ साली काढून घेतले, तर राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते परत दिले, तर ९५.३० वर गेला. एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं अठरा टक्क्यांनी हुशार झाली असं कोणी म्हणणार नाही. माप बदललं, माल तोच होता.

आणि खरं म्हणजे मार्क हे ज्ञानाचं माप कधीच नव्हतं. तो रांगेतला नंबर असतो. वडिलांच्या काळी रांगेत माणसंच कमी, म्हणून नुसत्या मॅट्रिकवर कारकुनी मिळाली. माझ्या त्रेपन्नाला कॉलेजात जागा मिळाली, कारण माझ्या वर्गातली निम्मी मुलं कॉलेजकडे फिरकलीच नाहीत. नातीच्या पुढे मात्र रांग लांबलचक. त्या पोरीचं रडणं खोटं नव्हतं. मी मूर्खासारखा तिचे मार्क माझ्या मार्कांशी तोलत बसलो होतो, आणि तिला जाचत होती ती रांग.

संध्याकाळी ती जरा सावरली. वही घेऊन आली आणि घराण्याचा तक्ता आखू लागली. नाव, परीक्षा, साल, टक्के. पणजोबा, खापरपणजोबा, मी, तिचा बाप. मग म्हणाली, "आणि तुमची आत्या? तिला किती होते?"

मी गप्प झालो. आत्या आजोबांची थोरली मुलगी. औटकी तिला वडिलांपेक्षा चांगली यायची. सहावीपर्यंत ती आजोबांच्याच शाळेत शिकली. फायनलचं सेंटर तालुक्याच्या गावी, बारा मैलांवर. आजोबा दरवर्षी गावातली पाच-सात मुलं चालवत घेऊन जायचे. पोटच्या मुलीला नेलं नाही. लोक काय म्हणतील!

महर्षी कर्व्यांची गोष्ट आपल्याला ठाऊक असते. सहावीच्या परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्याला शंभरावर मैल पायी गेले, आणि वय सतरा असूनही दिसायला लहान म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. पुढच्या वर्षी ते पुन्हा बसले, १८८४ साली बी.ए. झाले, आणि १९५७ साली, शंभरीला टेकले असताना, मुंबई विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. आत्याला ते 'पुढचं वर्ष' आलंच नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. दहा-बारा वर्षांनी विधवा होऊन ती आमच्याकडे आली, आणि माझं सगळं गणित तिने चुलीपुढे बसून करून घेतलं. बीजगणित तिला येत नव्हतं. माझ्या पुस्तकावरून ती रात्री स्वतः शिकायची आणि सकाळी मला शिकवायची.

"परीक्षेला बसली नाही ती," मी म्हणालो. नातीने तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं. मी म्हटलं, "खोड ते. ज्याला बोलावलं आणि जो आला नाही तो गैरहजर. तिला बोलावलंच नव्हतं."

तिने खोडलं. बराच वेळ पेन चावत बसली. मग म्हणाली, "आजोबा, तुम्हाला गणितात किती होते?"

"अठ्ठ्याहत्तर."

तिने ते अठ्ठ्याहत्तर माझ्या नावापुढून उचलून आत्याच्या नावापुढे लिहिले. ठसठशीत, लाल पेनाने. मला बरं वाटलं. डोळ्यांत पाणी वगैरे आलं म्हणा ना. पण ही आजकालची पोरं हिशेबाला पक्की. वही माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, "आता तुमचे उरले किती? पास आहात का बघा."

रात्री अकरापर्यंत मी बेरीज करत होतो. सकाळी उठून पेढे मात्र आणले. कोणाच्या पासाचे, असं हलवायाने विचारलं, तर म्हटलं, "दोघींच्या."